झडपेवरची माती

ता. ३ डिसेंबर १९१७
कारखान्याची चाळ, पेटा खालापूर

तीर्थस्वरूप आबाजीदादांच्या पायांवर धाकट्या सहदेवाचं डोकं.

दोन वर्षं तुमच्या दारात पाऊल टाकलं नाही आणि आज अचानक पत्र. तुम्ही ते वहिनींपुढे टाकून म्हणाल, "बघ, गरज लागली." लागली आहे, नाकारत नाही. पाच मैलांवर राहून टपालाने बोलतोय, कारण समोर आलो तर तुम्ही एका शब्दात मला गप्प कराल आणि मला पुष्कळ सांगायचंय.

गुरुवारी दुपारी आमच्या कारखान्यातला हंडा फुटला. कर्जतच्या इंजिनशेडपर्यंत बातमी आलीच असेल. मी जिवंत आहे. डावा हात भाजला, लिहितोय उजव्याने. तुमची भावजय इंदूही बरी आहे.

आमचा कारखाना तुम्ही कधी पाहिला नाहीत. (मी बोलावलं होतं. असो.) लोखंडी बंद हंड्यात ऐनाची लाकडं भरून खालून जाळ घालतात. आत वारा नाही, म्हणून लाकूड पेटत नाही, नुसतं भाजतं. त्याची वाफ नळीने गार पाण्यातल्या वेटोळ्यात जाते आणि तिचं आंबट, जळजळीत पाणी होतं. लढाईच्या दारूगोळ्याला ते लागतं म्हणे, त्यामुळे सरकारला कितीही द्या, कमीच. हे पाणी लोखंड खातं, कातडी खातं, धोतराची तर महिन्यात चाळण करतं. वाफेबरोबर डांबर येतं आणि कधीकधी नळी तुंबते. मग आतल्या वाफेने जावं कुठे? म्हणून हंड्याच्या माथ्यावर झडप. दांड्याला वजन टांगलेलं. आत जोर झाला की झडप उचलते, वाफ सोडते, परत बसते. तुमच्या इंजिनावर असते तशीच. फक्त तुमच्या झडपेतून पाण्याची वाफ जाते आणि आमच्या झडपेतून विष.

गुरुवारी नळी तुंबली आणि झडप उचललीच नाही. हंड्याचं झाकण छपरातून गेलं. जाळ घालणारा चांगो समोरच होता, त्याच्या तोंडावर सगळं आलं. त्याचे डोळे काही उरतील असं डॉक्टरांना वाटत नाही.

नंतर झडप सापडली ती पार मातीने लिंपलेली. बिजागरी, दांडा, झडप टेकते ती बैठक, सगळं. वर भाजून वीट झालेली. शेट म्हणतात हे चांगोचं काम, आणि चांगो काही नाकारत नाही. ही डोंगरातली ठाकर मंडळी बापजाद्यांपासून कोळसा पाडणारी. लाकडं रचायची, वर पाला आणि माती थापायची, आत विस्तव सोडायचा. कुठूनही धूर फुटला की तिथे ओली माती बसवायची, नाहीतर वारा शिरतो आणि कोळशाऐवजी राख हातात येते. आमची झडप गेले दोन महिने झिरपत होती. सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे. त्याने आपली भट्टी समजून बुजवली असेल.

मी ती माती पाहिली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो.

आता माझं डोकं चालत नाही ते इथे. नुसत्या चिखलाने झडप अडेल का, दादा? चिखल वाफेपुढे टिकतो का? बैठक मुळात तांब्याची होती. ती झिजली तेव्हा लढाईमुळे तांबं मिळेना, म्हणून मी लोखंडाची घडवून बसवली. ती आंबट पाण्याने खाल्ली. मग झडप झिरपली ती माझ्या बैठकीमुळे आणि अडली ती त्याच्या मातीमुळे, असं आहे का? की गंजून आधीच धरली होती आणि मातीचा काही संबंधच नाही? झडप जरा घट्ट बसावी एवढ्यासाठी दांड्यावरचं वजन तर मी एकच खाच पुढे सरकवलं होतं, तेही शेट म्हणाले म्हणून. कुठल्या गोष्टीने काय झालं हे मला सांगता येत नाही. तुम्हाला येईल.

अठरा तारखेला खालापूरच्या कचेरीत कारखान्यांचे इन्स्पेक्टरसाहेब चौकशीला बसणार आहेत. चांगोवर निष्काळजीपणाचा खटला भरायचं घाटतंय. आंधळा माणूस तुरुंगात जाईल. मला साक्षीला बोलावलंय.

दोन ओळी लिहा.

तुमचा
सहदेव


ता. ८ डिसेंबर

तीर्थस्वरूप दादांस नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. तुम्ही रागावला आहात की नुसते पाळीवर आहात, तेही कळायला मार्ग नाही. काल कर्जतला आलो होतो. चांगो तिथल्या दवाखान्यात आहे. तुमच्या घरावरून गेलो, वहिनी बाहेर तांदूळ निवडत होत्या. मान खाली घालून निघून गेलो. मी काही चोर नाही, पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं खरं.

चांगोच्या डोळ्यांवर पट्ट्या आहेत. पायांचा आवाज ऐकून म्हणाला, "कोन? मेस्त्री?" मी म्हटलं, हो. त्याने कुशीवर वळून मला बसायला जागा केली.

"माती मीच लावली, मेस्त्री. कुनाला इचारलं नाय. साहेबाचा कारकून आला व्हता, त्यालाबी तेच सांगितलं. त्यानं लिवून घेतलं."

"पण कशाला लावलीस रं?"

"धूर फुटत व्हता."

त्याची बायको भागी पायथ्याशी बसली होती. हीच आमच्याकडे डोक्यावरून लाकडं वाहते आणि हंड्यात रचते. नवरा हे बोलत असताना ती एकदाही वर पाहीना. मी आपला विचारावं म्हणून विचारलं, "भागी, तू होतीस का तेव्हा?" तर चांगोच म्हणाला, "ती कशाला आसंल? ती लाकडावर व्हती." इतक्या घाईने म्हणाला की मला चमत्कारिक वाटलं.

परत येताना खालापूरला कचेरीत गेलो. फुटलेली झडप तिथे पेटीत ठेवली आहे. कारकून ओळखीचा निघाला, त्याने दाखवली. दादा, मातीवर बोटांचे ठसे आहेत. भाजल्यामुळे जसेच्या तसे राहिलेत. आणि बोटं बारीक आहेत. चूल सारवताना बायका बोटं ओढतात तसे, एकाला एक लागून. चांगोचं एकेक बोट केळ्याएवढं आहे. त्याचा एक ठसाही असा उठायचा नाही.

म्हणजे माती भागीने लावली. मग तो खोटं बोलतोय. बायकोसाठी बोलतोय, एवढं मलाही समजतं. पण ती गप्प का? आपल्यामुळे नवऱ्याचे डोळे गेले आणि आता तो तुरुंगातही जाणार, हे ती बघत कशी बसते? की बोलायची तिला बंदी आहे? कालपासून मी ह्याच घाण्याला जुंपलेला आहे.

शेटनी मला बोलावून एक लिहिलेला कागद पुढे केला. मेस्त्री रोज झडप तपासत असे, गुरुवारी सकाळी ती स्वच्छ होती, नंतर चांगोने कुणाला न विचारता माती लावली. खाली माझ्या सहीला जागा. मी म्हटलं, उद्या करतो. तो उद्या अजून उजाडलेला नाही.

एक दुरुस्ती करायची आहे. मागच्या पत्रात मी माती पाहिली नव्हती असं लिहिलं. बहुधा मंगळवारी काहीतरी पाहिलं होतं. वरवर. घाईत होतो.

सहदेव


ता. १२ डिसेंबर

दादा,

तुमचं कार्ड मिळालं. पालथं करून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून. "झडप रोज सकाळी हाताने उचलत होतास का? आबाजी." बस. गोष्टीतल्या लाकूडतोड्याला देवाने कुऱ्हाड विचारावी तसं. ना बरा आहेस का, ना हात कसा आहे.

नव्हतो उचलत.

पहिले तीन महिने रोज उचलायचो. तुम्ही शेडमध्ये मला सगळ्यांदेखत परत शिडीवर चढवलं होतं, आठवतंय? झडप हाताने उचलून न बघता मी इंजिन तयार आहे म्हणालो म्हणून. सगळे हसले. "जी झडप रोज उचलत नाही, ती गरजेला उचलत नाही," असं तुम्ही म्हणालात. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला आणि तुम्हाला सांगितलं की तुमच्या शेडमध्ये मी जन्मभर हरकाम्याच राहीन. इकडे मला सगळे मेस्त्री म्हणतात. इकडे मला शिडीवर चढ म्हणणारं कुणी नाही. मग मी हळूहळू चढेनासा झालो. दांडा उचलला की तोंडावर ती वाफ यायची, दिवसभर घसा धरायचा. एक दिवस टाळलं, काही झालं नाही. दुसरा दिवस टाळला.

आता सगळंच लिहितो, मग तुम्ही पत्र फाडा.

मंगळवारी मी माती पाहिली. वरवर नाही, नीट पाहिली. शिडीवर चढलो होतो, नळीचा सांधा बघायला. झडप गुळगुळीत लिंपलेली. आणि दादा, मला बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणी खोकत नव्हतं. माणसं हसत होती, भाकरी खाताना डोळे पुसत नव्हती. शेट येऊन म्हणाले, "मेस्त्री, वास गेला बुवा," आणि मी म्हटलं, "हो, जरा दुरुस्ती केली." असं म्हणालो मी. काढू, आज संध्याकाळी काढू, असं मनात होतं. होतं ना? आता तेही खात्रीने सांगता येत नाही.

बुधवारी त्या मातीला तडा गेला आणि बारीक शीळ वाजू लागली. मी वर गेलो, अंगठा पाण्यात बुडवला आणि तो तडा दाबून टाकला. घट्ट. गळक्या मडक्याला आपण लावतो तसा. तो अंगठा माझा आहे. पेटीतल्या त्या तुकड्यावर बारीक बोटांच्या मधोमध तो बसलाय. शुक्रवारी मी तो पाहिला आणि तुम्हाला बोटांबद्दल लिहिलं, अंगठ्याबद्दल लिहिलं नाही.

काल भागी रस्त्यात भेटली. कर्जतला भाकरी घेऊन चालली होती. मी म्हटलं, "माती तू लावलीस ना?" ती थांबली. घाबरली नाही.

"मीच लावली. त्याचे डोळे लालभडक व्हायचे, घास तोंडात जायचा नाय. आमच्या भट्टीला धूर फुटला तर लावतातच. कुनी सांगितलं नव्हतं, मेस्त्री. पन कुनी नको बी म्हटलं नाय."

तिने भाकरीचं गाठोडं ह्या हातातून त्या हातात घेतलं.

"आनि बुधवारी तुमी वर चढलात तवा मला भ्या वाटलं, आता शिव्या पडतील. तर तुमी ती दाबून बसवलीत. मी चांगोला म्हटलं, बघ, बरुबर केलं मी. मेस्त्रीनं सवता हात लावला."

मग ती म्हणाली, "तो मला बोलू देत नाय. म्हनतो, मी आंधळा झालो, माझं काय व्हायचं ऱ्हायलंय? तू आत गेलीस तर मला भाकरी कोन घालंल?"

एवढं बोलून ती चालू लागली. तिची काही तक्रार नव्हती, दादा. तेच मला सहन होत नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मीही आवाज चढवला असता.

आता मी काय करू? कागदावर सही केली तर चांगो जातो. खरं सांगितलं तर साहेब तो तुकडा हातात घेणार, माझा अंगठा जुळवणार, आणि मग विचारणार, बाकीची बोटं कुणाची? चांगोची नव्हेत हे पोरालाही दिसेल. मग भागी. ज्या बाईला वाचवण्यासाठी नवरा तुरुंगात जायला निघाला तिलाच मी खरं बोलून धरून देणार. तोंड उघडलं तरी पाप, मिटलं तरी पाप. आणि ह्या सगळ्याच्या खाली एक आवाज म्हणतोय की हे सगळं तू स्वतःची नोकरी वाचवण्यासाठी घोळतो आहेस. तो खरा आहे का, हेही मला कळत नाही.

तुम्ही एक प्रश्न विचारलात. दुसरा विचारू नका. उत्तर द्या.

सहदेव


ता. २० डिसेंबर

दादा,

तुम्ही आला होतात. कचेरीच्या खिडकीबाहेर, पिंपळाच्या पारापाशी. मी बाहेर येईपर्यंत गेलात. आतलं तुम्हाला ऐकू आलं नसेल म्हणून लिहितो.

शेटचा कागद मी सही न करता परत दिला. त्यांनी लगेच काखा वर केल्या. साहेबांना म्हणाले, यंत्राचं सगळं मेस्त्रीकडे असतं, आपल्याला त्यातलं काही कळत नाही. खोटं म्हणता येणार नाही.

साहेब इंग्रजीत विचारत होते, कारकून मराठीत सांगत होता. झडप कोण तपासायचं? मी. शेवटची हाताने कधी उचलली? गणपतीच्या आधी. कारकुनाने हे दोनदा विचारलं, त्याला वाटलं मी गोंधळलो. माती कधी पाहिली? मंगळवारी. काढली का नाही? मी म्हटलं, डोळ्यांची आग थांबली होती म्हणून. कारकुनाने ते तसंच इंग्रजीत सांगितलं. बुधवारचंही मी आपणहून सांगितलं. साहेबांनी पेटी उघडायला लावली आणि म्हणाले, इथे अंगठा ठेव. माती भाजून जरा आटली होती, पण अंगठा बसला. नखाची कोरसुद्धा.

मग साहेबांनी तुकडा उजेडात धरला. ज्याची मला भीती होती तेच. "आणि ही बोटं?"

भागी दाराशी उभी होती. चांगोच्या वतीने आली होती, कारण त्याला दवाखान्यातून आणता येत नव्हतं. हात पदराखाली. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि नेमकं बघितलं. मग म्हणालो, "माती माझ्या हुकुमाने लागली. कुणाच्या हाताने लागली ते महत्त्वाचं नाही."

हे खोटं होतं का, दादा? मी हुकूम दिला नव्हता. पण जे बघून मी गप्प बसलो आणि वर आपल्या हाताने घट्ट केलं, तो हुकूमच नव्हता का? तिला तर तो हुकूमच वाटला होता. दोन दिवस मी हे उलटसुलट करतोय. साहेबांनी काही वेळ दाराकडे पाहिलं. त्यांना समजलं की नाही, देव जाणे. मग त्यांनी कारकुनाला लिहायला सांगितलं, माती मेस्त्रीच्या हुकुमाने, मजुरांचा दोष नाही.

चांगोवर खटला भरायचं रद्द झालं. माझ्यावर साहेबांनी शेरा लिहिला की वाफेच्या किंवा जोराच्या कुठल्याही भांड्यावर ह्या इसमाला पुन्हा नेमू नये. हा कागद सगळ्या कारखान्यांना जातो म्हणे, रेल्वेलाही. म्हणजे तुमच्या शेडची दारंही मिटली. बाहेर पडल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. नुसती भूक लागली होती.

चाळीतली खोली महिनाअखेर सोडायची आहे. इंदू भांडी बांधते आहे.

सहदेव


ता. ६ जानेवारी १९१८
नेरळ

दादा,

इथे लाकडाच्या वखारीत करवतीवर लागलो आहे. इंदूने वखारीमागे एक खोली पाहिली, तिथे बिऱ्हाड केलं. वहिनींनी पाठवलेलं लोणचं आणि धोतरजोडी पोचली. त्यात तुमची चिठ्ठी शोधली. नव्हती.

काल सुटी होती म्हणून डोंगर चढून चांगोला भेटायला गेलो. त्याला घरी आणलंय. पट्ट्या सुटल्यात, उजव्याने उजेड कळतो, डावा गेला. मला त्याला एकच सांगायचं होतं, की मी कचेरीत बोललो, तू आता मनावर ओझं ठेवू नकोस. खरं सांगायचं तर मला त्याच्या तोंडून काहीतरी ऐकायचंही होतं. माझी नोकरी गेली, हुन्नर गेला. निदान एका माणसाने तरी म्हणावं, मेस्त्री, बरं केलंत.

पाड्याच्या खालीच भागीने मला गाठलं. डोक्यावर हंडा होता, तो उतरवून वाट अडवून उभी राहिली.

"त्याला कचेरीतलं सांगू नका."

"का?"

"मी त्याला सांगितलंय, तुझा जबाब साहेबाला पटला आनि डोळे गेले म्हनून तुला सोडलं. त्याला वाटतं, त्यानं मला वाचवली. कायबी काम व्हत नाय आता त्याच्यानं, मेस्त्री. दिसभर बसून आसतो. येवढं एकच हाय त्याच्यापाशी."

 राग आला, खोटं कशाला सांगू. पाच मैल डोंगर चढून आलो होतो. पण म्हटलं, बरं.

चांगो अंगणात बसला होता. आवाज ओळखून हसला. जवळ बसवून घेतलं. विचारलं, "कारखाना चालू झाला का?" मी म्हटलं, झाला. "नवा हंडा आनला?" आणला. "तुमचं बरं चाललंय ना?" चाललंय.

मग त्याने माझा हात चाचपडत धरला आणि आवाज खाली आणला, भागीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मेस्त्री, तुमी माती दाबलीत ते भागीनं मला सांगितलं व्हतं. पन कारकून आला तवा मी तुमचं नाव घेतलं नाय. येकदाबी नाय. तुमी काय काळजी करू नका."

दादा, ह्या माणसाने तिला वाचवताना मलाही पोटाशी धरलं होतं आणि मी तिकडे कचेरीत एकटाच शूर होऊन आलो होतो.

"का घेतलं नाहीस रं नाव?"

"तुमी आमाला कदी शिवी दिली नाय."

मी म्हटलं, "उपकार झाले तुझे, चांगो." तो म्हणाला, "उपकार कसले," आणि भागीला हाक मारली, मेस्त्रींना चहा ठेव म्हणून. तिने ठेवला. तो पिईपर्यंत चांगो मला नव्या हंड्याबद्दल विचारत होता आणि मी त्याला एकेक गोष्ट रचून सांगत होतो.

सहदेव